डेटा सेंटरचा गारवा दुरून कसा सांभाळतात?



‘क्लाऊड’ हा शब्द आता तिसरी-चौथीच्या मुलांच्याही कानावर पडतो. फोटो कुठे गेले? क्लाऊडवर. दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ कुठून आला? क्लाऊडवरून. मग मूल आभाळाकडे बघतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. प्रत्यक्षात हा क्लाऊड जमिनीवरच असतो. जाड भिंतींच्या मोठ्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर ओळीने मांडलेले असतात, तिला डेटा सेंटर म्हणतात. त्या इमारतीतला मोठा पसारा एकाच कामाला जुंपलेला असतो, तो म्हणजे आतली यंत्रं गार ठेवणं. ही गार ठेवणारी यंत्रं दूर बसून कशी बघतात, त्यांना हुकूम कसा देतात आणि तो हुकूम द्यायचा अधिकार कोणाकडे असावा, हे आज समजून घेऊ. विषय ऐकायला जड आहे. पण ज्याने शेतातली मोटार मोबाईलवरून चालू केली आहे, त्याला तो अर्धा आधीच माहीत आहे.

आधी उष्णतेचं बघू. मोबाईल चार्जिंगला लावून गेम खेळला की पाठीमागून गरम होतो, हे मुलांना सांगावं लागत नाही. डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. तो जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कपाटासारख्या एका चौकटीत असे बरेच सर्व्हर एकावर एक बसवलेले असतात, त्याला रॅक म्हणतात. एक रॅक १० किलोवॅट वीज घेतो असं धरा. म्हणजे हजार वॅटच्या दहा इस्त्र्या एका कपाटात रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं झालं. घरातला दीड टनाचा एसी साधारण ५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर टाकतो. म्हणजे एका रॅकला असे दोन एसी लागले. (एसीचा ‘टन’ म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॅट. पालकांना हे सांगा, एसीच्या दुकानातही उपयोगी पडतं.)

आपल्या राज्यात अशी केंद्रं मुख्यतः नवी मुंबईच्या बाजूला आहेत: ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे ही गर्दी तिकडे झाली. पनवेलला ‘योट्टा एनएम १’ हे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झालं. त्यात ७,२०० रॅकची जागा आहे. गणितापुरतं रॅकमागे फक्त ५ किलोवॅट धरलं, तरी ३६,००० किलोवॅट होतात. म्हणजे दीड टनाचे सुमारे सात हजार एसी! सहावी-सातवीला हे उदाहरण फळ्यावर द्यायला छान आहे.

अर्थात तिथे भिंतीला सात हजार एसी टांगत नाहीत. चिलर नावाची मोठी यंत्रं पाणी गार करतात. पंप ते पाणी सर्व्हरच्या दालनापर्यंत नेतात. तिथल्या युनिटमध्ये गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवतात आणि ती गार हवा रॅकच्या पुढच्या बाजूला सोडतात. मागच्या बाजूने निघालेली गरम हवा परत त्याच युनिटकडे जाते. गरम झालेलं पाणी पुन्हा चिलरकडे. चिलरने ओढलेली उष्णता शेवटी इमारतीच्या बाहेर टाकावी लागते. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी कूलिंग टॉवर असतो, म्हणजे आपल्या वाळ्याच्या कूलरचाच थोरला भाऊ. पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. आपली मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून कूलर इथे झकास चालतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर लावला तर अंग नुसतं चिकचिकतं. म्हणजे हवेपुरतं बघितलं तर आपला भाग बरा. पण टॉवर पाणी पितो, आणि जायकवाडीच्या पाण्यावर किती जणांचे डोळे लागलेले असतात ते आपल्याला कोणी सांगायला नको.

सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी, अशी या क्षेत्रातली सर्वमान्य शिफारस आहे. कूलिंग बंद पडलं तर गच्च भरलेल्या दालनात तापमान काही मिनिटांत धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. तासांत नव्हे, मिनिटांत. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा ४० च्या वर गेला, तेव्हा लंडनमधल्या गुगल आणि ओरॅकलच्या केंद्रांत कूलिंगची यंत्रं कोलमडली आणि काही सेवा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे ४० म्हणजे एप्रिलातला नेहमीचा दिवस. पण त्यांची यंत्रं त्या उन्हासाठी बांधलेलीच नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मिनिटांचा प्रश्न असेल, तर बिघाड झाल्यावर कोणी फोन करून मिस्त्रीला बोलवेल आणि तो गाडी काढून येईल, हे परवडत नाही. शिवाय एकेका कंपनीची केंद्रं वेगवेगळ्या शहरांत असतात. चिलर बनवणारी कंपनी तिसऱ्याच गावात. म्हणून ही सगळी यंत्रं नेटवर्कला जोडलेली असतात आणि दूरच्या नियंत्रण कक्षातून पाहता आणि चालवता येतात.

हे समजायला शेतात चला. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच बसवतात, त्यात सिमकार्ड असतं. रात्रीची थ्री फेज लाइट आली की घरून फोन लावायचा, बटण दाबायचं, मोटार चालू. अंधारात, चिखलात, विंचू-काट्यात बॅटरी घेऊन जायला नको. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं असंच यंत्र तयार केलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आता तशी कितीतरी यंत्रं बाजारात आहेत. ज्यांच्या घरी आहे त्यांना त्याचे गुण-दोष पाठ असतात, आणि डेटा सेंटरच्या इंजिनिअरला पडणारे प्रश्न नेमके तेच आहेत.

बघा, बटण दाबलं म्हणजे मोटार चालू झाली असं होत नाही. एखादा फेज गेलेला असतो, स्टार्टर ट्रिप झालेला असतो. म्हणून चांगला ऑटो स्विच उलट निरोप देतो की मोटार चालू झाली. तेही पुरत नाही. मोटार फिरतेय पण पाणी येतंय का? विहिरीने तळ गाठला असेल तर मोटार कोरडी चालते आणि जळते. अशा वेळी यंत्राने मालकाच्या फोनची वाट बघत बसू नये, स्वतःच बंद व्हावं. तशी सोय असते, तिला ‘ड्राय रन’ म्हणतात. पुढे असं की हा फोन कोणी लावला? यंत्रात ठरावीक नंबर नोंदवलेले असतात, बाकीच्यांचा फोन ते मानत नाही. नाहीतर बांधावरून भांडण झालेला भाऊबंद रात्री दोनला मोटार लावून मोकळा! आणि शेवटचं, रेंज गेली तर? तर पेटीवरचं साधं हिरवं-लाल बटण तिथे असतंच.

उलट निरोप, जागेवरचं शहाणपण, कोणाचा नंबर, आणि हाताने चालवायची सोय. या चार गोष्टी लक्षात ठेवून परत डेटा सेंटरमध्ये चला.

तिथे चिलरमध्ये, पंपावर, नळ्यांवर, रॅकच्या पुढे-मागे सेन्सर लावलेले असतात. तापमान, आर्द्रता, पाण्याचा दाब, प्रवाह, पंख्याचा वेग, कुठे पाणी गळतंय का, हे सगळं ते सतत मोजतात. प्रत्येक मोठ्या यंत्राजवळ एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला कंट्रोलर म्हणू. तो सेन्सरचं ऐकतो आणि पंखा, पंप, व्हॉल्व्ह यांना हुकूम देतो. हे कंट्रोलर आपापसांत आणि मुख्य कक्षाशी ठरलेल्या भाषांत बोलतात. मॉडबस ही त्यातली एक जुनी भाषा, १९७९ सालची. बॅकनेट ही इमारतींच्या यंत्रणांसाठीची. कक्षातल्या पडद्यावर हिरवं, पिवळं, लाल असे रंग दिसतात. काही बिघडलं की मेसेज जातो. ठरलेल्या वेळात त्याने तो पाहिला नाही तर वरच्या माणसाला जातो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते ती वेगळी करून सांगितली पाहिजे. दुरून बघणं वेगळं आणि दुरून चालवणं वेगळं. बघण्याचं उत्तम उदाहरण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. सरकारच्या ‘ई-विन’ योजनेत २०१५ पासून लशींच्या फ्रिजला सिमकार्डवाला तापमापक बसवला जाऊ लागला. फ्रिजचं तापमान हद्दीबाहेर गेलं की संबंधित कर्मचाऱ्याला मेसेज जातो. तो मेसेज फ्रिज दुरुस्त करत नाही, फक्त सांगतो. माणूस उठून जातो आणि करतो. ऑटो स्विच मात्र स्वतः मोटार चालू करतो. बघण्याची परवानगी दहा जणांना दिली तरी फार बिघडत नाही. चालवण्याची दहा जणांना दिली तर मोटार कोणी लावली हेच कळत नाही. माझ्या मते सगळ्या सुरक्षेचं मूळ या फरकात आहे, आणि घराघरांत स्मार्ट बल्ब, कॅमेरे येत असताना पालकांनीही तो ओळखायला हवा.

चालवण्याचा हुकूम चुकला तर काय होतं, याचं ताजं उदाहरण सिंगापूरचं आहे. १४ ऑक्टोबर २०२३, शनिवार दुपार. इक्विनिक्स कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये ठरवून यंत्रणा सुधारण्याचं काम चालू होतं. चिलर क्षणभर थांबला तरी निभावं म्हणून गार पाण्याच्या राखीव टाक्या असतात, आपल्याकडे गच्चीवर टाकी असते तशा. कंत्राटदाराकडून त्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करण्याचा सिग्नल चुकून गेला. व्हॉल्व्ह बंद झाले, दालनं तापली, आणि डीबीएस व सिटी या दोन बँकांच्या सेवा बंद पडल्या. सुमारे २५ लाख पेमेंट आणि एटीएमचे व्यवहार अडकले. त्या बँकांची दुसरी केंद्रं होती, पण तिकडे कामकाज हलवतानाही अडचणी आल्या. ज्याच्या हातात कार्ड होतं आणि पुढे किराण्याचं बिल होतं, त्याला व्हॉल्व्ह म्हणजे काय हे ठाऊकही नसणार.

आता ऑटो स्विचच्या कसोटीवर हे ताडून बघा. व्हॉल्व्हने हुकूम पाळला, अगदी प्रामाणिकपणे पाळला. पण दालनात यंत्रं चालू असताना राखीव पाणी तोडणं धोक्याचं आहे, हे त्याला जागेवर कळण्याची सोय हवी होती. म्हणून अशा हुकमांना मर्यादा घालतात. तापमान अमुक अंशांच्या वर ठरवताच येणार नाही. मोठा व्हॉल्व्ह बंद करायला दोन माणसांची संमती लागेल. एका वेळी एकच चिलर थांबवता येईल. आणि नेटवर्क तुटलं तर कंट्रोलर शेवटचा चांगला हुकूम धरून एकटा काम करत राहील. रेंज गेली म्हणून मोटार जळून चालत नाही, तसंच हे.

चोराचं काय? मॉडबस १९७९ ची, हे मघाशी सांगितलं. तेव्हा कारखान्यातल्या कारखान्यात वायरी असायच्या, बाहेरचं कोणी येण्याचा प्रश्न नव्हता. म्हणून ती भाषा ‘तू कोण?’ असं विचारतच नाही. जो बोलेल त्याचं ऐकते. असं यंत्र थेट इंटरनेटला जोडणं म्हणजे बिनकुलपाची पेटी रस्त्यावर ठेवणं. जानेवारी २०२२ मध्ये सायबल या सायबर सुरक्षा कंपनीने शोध घेतला तेव्हा डेटा सेंटरची देखरेख आणि कूलिंग सांभाळणाऱ्या २०,००० हून जास्त यंत्रणा जगभरात अशा उघड्या सापडल्या. काहींचे पासवर्ड कंपनीतून आले तेच होते, कोणी बदललेच नव्हते.

उपाय फार गूढ नाहीत. कूलिंगचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवतात. बाहेरून यायचं तर व्हीपीएन नावाच्या बंद बोगद्यातून, आणि पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी खूण देऊन. प्रत्येकाचं खातं वेगळं. चिलर कंपनीच्या माणसाला दोन तासांचं काम असेल तर दोन तासांपुरताच प्रवेश, मग दार आपोआप बंद. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. शाळेत एकच पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असणं आणि तो कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवणं, हे किती ठिकाणी चालतं ते आपण सगळे जाणतो, तेव्हा यावर मी जास्त बोलत नाही.

आणखी एक पेच आहे, मला तो फार आवडतो. दुरून जायची वाटच बंद पडली तर? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होतं, आठवतं ना? तिथे कूलिंगचा काही संबंध नव्हता. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या हुकमाने त्यांचं नेटवर्क जगापासून तुटलं. गंमत अशी की ते दुरुस्त करायला इंजिनिअर ज्या वाटेने दुरून आत जायचे, ती वाटही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती. शेवटी माणसं प्रत्यक्ष केंद्रात पाठवावी लागली, आणि कडक सुरक्षेमुळे आत शिरायलाही वेळ गेला. किल्ली घरात आणि दाराला कुलूप! म्हणून कूलिंगच्या यंत्रणेला एक वेगळी वाट ठेवतात, बहुतेक वेळा वेगळ्या सिमकार्डाची. आणि जागेवर माणूस असतोच. हिरवं-लाल बटण दाबणारा.

हुकूम माणसानेच द्यावा असंही आता राहिलेलं नाही. गुगलने २०१६ मध्ये सांगितलं की त्यांच्या डीपमाईंड कंपनीच्या प्रणालीने कूलिंगची वीज ४० टक्क्यांपर्यंत वाचवली. तेव्हा ती प्रणाली फक्त सल्ला द्यायची. २०१८ पासून ती दर पाच मिनिटांनी हजारो सेन्सरचे आकडे बघून स्वतःच हुकूम द्यायला लागली. पण हद्द माणसांनी घालून दिलेली, आणि वाटेल तेव्हा ताबा परत घेता येतो.

शेंद्रा-करमाडच्या पालकांसाठी यात कामाची एक गोष्ट आहे. आपल्याकडे एमआयडीसी आहे, ऑरिक आहे, आणि दहावीनंतर आयटीआय ही अनेक घरांतली पहिली निवड आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकायचं, एवढीच त्याची ओळख आपल्या मनात असते. डेटा सेंटर, औषध कारखाने, शीतगृहं यांना हाच माणूस लागतो, पण त्याला गॅस भरण्यासोबत कंट्रोलरला लॅपटॉप जोडणं, आयपी पत्ता म्हणजे काय, अलार्मची नोंद कशी वाचायची, हेही आलं पाहिजे. ट्रेड निवडताना मुलाला किंवा मुलीला हे सांगा. हो, मुलीलाही. नियंत्रण कक्षात सिलेंडर खांद्यावर उचलावा लागत नाही, आणि उचलावा लागला तरी आपल्या पोरी पाण्याचे हंडे उचलतातच.

वर्गात हे कसं घ्यायचं? चौथी-पाचवीला एक खेळ चांगला जमतो. एक मूल वर्गात ‘कूलर’ बनतं, त्याच्या हातात तापमापक. एक मूल व्हरांड्यात ‘नियंत्रण कक्ष’. तिसरं ‘निरोप्या’, ते चिठ्ठ्या ने-आण करतं. पहिल्या फेरीत कूलरने आलेली प्रत्येक चिठ्ठी पाळायची. मध्येच एका मुलाला गुपचूप सांगा, ‘पंखा बंद’ अशी खोटी चिठ्ठी घुसव. मुलं लगेच ओरडतात. मग दुसऱ्या फेरीचे नियम त्यांनाच ठरवू द्या: चिठ्ठीवर नाव हवं का, ठरलेला परवलीचा शब्द हवा का, काम केल्यावर उलट चिठ्ठी पाठवायची का, कोणती चिठ्ठी कूलरने मुळीच ऐकायची नाही. तिसऱ्या फेरीत निरोप्याला अर्ध्या वाटेत थांबवा आणि कूलर आता काय करणार ते वर्गाला विचारा. पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. निरोप्या मात्र दर फेरीला बदला, कारण पळायला सगळ्यांनाच हवं असतं.